कूलंटचा लाल दिवा आणि बाबांचं गाऱ्हाणं

देव आहे की नाही, हा प्रश्न मला कधी पडला नाही. तो आहेच. पण आमच्या घरचं काही काम निघालं की नेमका तो दुसरीकडे बिझी असतो, एवढीच माझी तक्रार. गेल्या वर्षी बाबांना अर्धांगवायू झाला आणि त्यांची वाचा गेली, तेव्हापासून तर मी देवाशी धड बोलतच नव्हते. सकाळी दिवा लावायचे, पण तोंड फुगवून. ज्या माणसाने जन्मभर गावात आणि मुलुंडच्या आमच्या सोसायटीतसुद्धा सगळ्यांसाठी देवाला गाऱ्हाणं घातलं, त्याचाच आवाज काढून घ्यायचा? ही कुठली रीत? डॉक्टर म्हणायचे, रोज बोलायचा सराव करा. आम्ही करायचो. बाबा माझ्याकडे बघून नुसते "अं, अं" करायचे आणि मग चिडून भिंतीकडे तोंड फिरवायचे.

शिमगा जवळ आला तसे ते देव्हाऱ्यातल्या ग्रामदेवतेच्या फोटोकडे बोट दाखवायला लागले. पालखी घरी येते त्या दिवशी त्यांना गावच्या अंगणात असायचं होतं. पुढच्या वर्षाचा भरवसा कोणी द्यावा? बसून प्रवास त्यांना झेपत नव्हता, म्हणून दादाने आपली कॅम्पर व्हॅन काढली. जुनी गाडी घेऊन त्याने मागे पलंग, पंखा, शेगडी असं सगळं स्वतः बसवलंय. मी त्याला नेहमी चिडवायचे, की मुंबईत घर लहान पडतं म्हणून तू चाकांवर दुसरं घेतलंस. आदल्या संध्याकाळी आम्ही गाडीची पूजा केली, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला, आणि सकाळी बाबांना पलंगावर झोपवून निघालो. पालखी दुसऱ्या दिवशी सकाळीच दारात यायची होती.

ऐरोलीच्या पुलावर चढायच्या आधीच गाडी किंचाळायला लागली. समोर लाल दिवा, कूलंट कमी. म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी संपत आलंय, गाडी थांबवा. दादाने गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं. टाकीतली पातळी बाहेरूनच दिसते. पाणी अगदी खुणेपर्यंत भरलेलं. खाली कुठे गळतीचा थेंब नाही. इंजिन थंड होऊ दिलं, झाकण काढून पुन्हा बघितलं, गाडी सुरू केली, तर परत बोंब. हेल्पलाइनवाली बाई गोड आवाजात सांगत होती की आमचा कॉल तिच्यासाठी महत्त्वाचा आहे. मग उचल ना बये! शेवटी दादा म्हणाला, "मागे फिरूया गं. घाटात इंजिन तापलं तर बाबांना घेऊन कुठे जायचं?" त्याचं बरोबर होतं, म्हणून मला जास्तच राग आला. आत बाबा घामाने भिजले होते. गाडी मागे वळणार हे त्यांना कळलं होतं, डोळे भरले होते.

माझं डोकंच सटकलं. उघड्या बॉनेटसमोर उभी राहिले आणि भर रस्त्यात, बाबा घालायचे तसंच मालवणीत गाऱ्हाणं घातलं. हात जोडलेले होते, पण सूर भांडणाचा. "बा देवा म्हाराजा! हो तुझो चाकर आज तुझ्या भेटीक निघालो हा, आणि तेच्या वाटेत हो लाल दिवो कित्याक लावलंस? जन्मभर तेणा तुझा नाव घेतल्यान, तुका काय वाटणा नाय? जी काय आडकाठी आसात, ती दूर कर रे म्हाराजा!"

गाऱ्हाणं घालणारा इथे थांबतो आणि बाकीच्यांनी होकार भरायचा असतो. कोण भरणार? दादाचं डोकं इंजिनात, बाजूने डंपर धावतायत. आणि गाडीच्या आतून आवाज आला.

"व्हय म्हाराजा!"

जड होता, थोडा घोगरा होता, पण बाबांचाच. दादाच्या हातातलं फडकं खाली पडलं. मला वाटलं भास झाला, म्हणून मी पुन्हा ओरडले, "ह्येंका सुखरूप घराक ने रे म्हाराजा!" पुन्हा तसाच, आधीपेक्षा मोठ्याने, "व्हय म्हाराजा!" मी तिथेच, टायरला टेकून, रडायला लागले.

कंपनीच्या बससाठी उभी असलेली एक बाई धावत आली. तिला वाटलं आत कोणाला काही झालं. तिने मला पाणी पाजलं, दादाच्या खांद्यावरून इंजिनात डोकावली आणि म्हणाली, "अहो, मुंग्या किती लागल्यात इथे! नारळ फोडलात का काय आत?" दादाने माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका. आदल्या संध्याकाळी पूजेच्या वेळी तो नको नको म्हणत असताना मीच बॉनेट उघडायला लावलं होतं आणि इंजिनालाही प्रसाद पोचू दे म्हणून नारळाचं पाणी आत शिंपडलं होतं. टाकीतली पातळी ओळखणाऱ्या वायरीच्या खटक्यात ते झिरपलं होतं, म्हणून टाकी भरलेली असूनही दिवा लागत होता. मुंग्यांची रांग तिथेच जात होती. दादाने खटका काढला, पुसून उन्हात वाळवला, परत बसवला. दिवा विझला. आभार मानायला वळले तोवर तिची बस आली होती, तिचं नावही विचारायचं राहिलं.

म्हणजे देवाने काही केलं नव्हतं, माझीच करणी होती, आणि शिव्या मात्र त्याने खाल्ल्या. पण दिवा लागला नसता तर मी चिडले नसते, आणि मी चिडले नसते तर बाबांना होकार भरायला कोणी बोलावलं असतं? डॉक्टर नंतर म्हणाले, पाठ असलेले शब्द असे कधीकधी परत येतात. येत असतील. मी वाद घालत नाही.

दुसऱ्या दिवशी अंगणात पालखी टेकली. गावकारांनी, म्हणजे गावच्या मानकऱ्यांनी, गाऱ्हाणं घातलं आणि सगळ्यांच्या आधी खाटेवरून बाबांचा होकार आला. गावकार मध्येच थांबले, त्यांनी डोळे पुसले. मी नमस्कार केला, या खेपेला तोंड न फुगवता. शरण जाणं म्हणजे गप्प बसणं असं मला वाटायचं. आता वाटतं, भांडायला दुसरं दार न शोधणं, हीसुद्धा शरणागतीच असावी.

बाबांना अजून तेवढे दोनच शब्द येतात. काल चहा देताना मी विचारलं, "बाबा, अजून रागावलेय मी त्याच्यावर. चालेल ना?" त्यांनी माझ्या डोक्यावर धडधाकट हात ठेवला आणि म्हणाले,

"व्हय म्हाराजा."