आईचा अकरावा मजला

हिंजवडीहून वारज्याला घरी येताना कंपनीच्या बसमध्येच सोसायटीच्या ग्रुपवर सभेचं इतिवृत्त आलं. इंग्रजीत. मराठीत लिहिलं की आमच्या सेक्रेटरीकाकांना वजन कमी पडल्यासारखं वाटतं. आमची इमारत पाडून नवी बांधायची आहे, आणि त्यात तळमजल्याच्या मालकीणबाईंनी अकरावा मजला घेण्यास ‘ॲक्विएस’ केलं, असं लिहिलं होतं.

मालकीणबाई म्हणजे माझी आई. तिच्या गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिलाय. लिफ्ट बंद पडली की ती अकराव्या मजल्यावर कोंडली जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको. संध्याकाळी दारात भाजी निवडत येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलल्याशिवाय तिला चैन पडत नाही. नव्या इमारतीत तळाला पार्किंग, तेव्हा तिला पहिलाच मजला हवा, याबद्दल मला तरी शंका नव्हती.

शब्द अडला म्हणून मोबाइलवर शोधला. मनात नसलं तरी विरोध न करता मान्य करणं. मूळ लॅटिन, आणि तिथे अर्थ शांत होणं, विसावणं. माझं डोकंच फिरलं. विसावणं? माणसाला बोलू द्यायचं नाही आणि वर म्हणायचं, बघा कशी निवांत बसलीय! वा रे वा!

आमच्या सभेची रीत मला ठाऊक आहे. काका ठराव भराभर वाचतात, “कोणाची हरकत?” विचारतात आणि कोणी घसा खाकरायच्या आत म्हणतात, “मंजूर!” मग लगेच वेफर्सच्या बशा फिरतात.

पुढच्या सभेला मी आईला घेऊन गेले. आज हे खोडल्याशिवाय घरी जायचं नाही, असं ठरवूनच.

“अहो ताई, आपल्या मातोश्री हजर होत्या. एक अक्षर बोलल्या नाहीत,” काका चष्म्यावरून बघत म्हणाले. “त्यांच्या मनात शिरून बघायला हवं होतं का आम्ही?”

“विचारायला हवं होतं,” मी म्हटलं. “माझ्या आईचं म्हणणं असं आहे, की...”

“थांब गं,” आई म्हणाली. “तू तरी विचारलंस का मला?”

नव्हतंच विचारलं. माझा हात धरून, खुर्चीला रेटा देत ती उठू लागली. बराच वेळ लागला. सगळी सभा बघत होती.

“त्या दिवशीही मी अशीच उठत होते,” ती म्हणाली. “उभी राहीपर्यंत तुमचं मंजूर झालं होतं.”

काकांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

“म्हणजे सगळे मजले पुन्हा वाटायचे?”

“वाटा. मला पहिला पाहिजे. अकरावा मान्य नाही, असं लिहा. मराठीत. आणि मला वाचून दाखवा.”

“बरं, लिहितो. आपण बसा ना.”

“आधी वाचा,” आई म्हणाली. “तोवर मी बसत नाही.”