फिंचसाठी गच्चीवर पेरलेलं भात

सन १९५६, आश्विनी पौर्णिमा, म्हणजे आमच्याकडची नव्याची पुनव. स्थळ बोरीवलीतल्या आमच्या बिऱ्हाडाची मागची गॅलरी, वेळ सकाळची. हजर: मी, आमचे हे, ऑफिसला सुट्टी नसल्यामुळे एक डोळा घड्याळाकडे लावून, सासूबाई, जाळीच्या आत पोपटी फिंचांची एक जोडी, आणि लाकडी पेटीत, दिसत नसलेली पण ओरडून हजेरी देणारी त्यांची पिल्लं. पिल्लं किती, ते मी मोजलं नव्हतं. पेटीत सारखं डोकावलं तर ही पाखरं पिल्लं टाकून देतात. मोजायचा मोह आवरणं माझ्यासारख्या बाईला सोपं नाही, पण आवरला होता.

ही पाखरं माझ्या धाकट्या भावाने आणली. तो मालवाहू बोटीवर आहे. सिंगापूरहून निघताना बांबूच्या करंडीत तीन जोड्या होत्या, मुंबईला एकच पोचली. आकाराने चिमणीहून लहान. नराची पाठ पोपटी, तोंड निळं, पोटावर तांबडा ठिपका आणि शेपटीचं लांब लाल टोक. मादी तशीच, पण घरच्या साडीतली. इंग्रजीत त्यांना पॅरट-फिंच म्हणतात, सासूबाई भातखाऊ म्हणतात, आणि सासूबाईंचं नाव जास्त बरोबर आहे. राळा, बाजरी ठेवली तर ही पाखरं त्यावर पाय देऊन जातात. त्यांना साळच लागते. आणि पिल्लं झाली की वाळकी साळही चालत नाही. दाबला की दूध येतं असा कोवळा, लोंबीतला दाणा लागतो.

हे आम्हांला आदल्या वर्षी कळलं. पिल्लं निघाली आणि त्याच सुमारास डोंगराकडची सगळी शेतं पिवळी पडून कापणीला आली. मी साळ भिजवून दिली, दुधात पाव कुस्करून दिला, उकडलेलं अंडं दिलं. आईबापांनी चोच लावली नाही. या पिल्लांच्या गळ्याशी एक पिशवी असते आणि पातळ कातडीतून तिच्यातले दाणे बाहेरून दिसतात. त्या पिशव्या रिकाम्याच राहिल्या. एकही पिल्लू वाचलं नाही.

यंदा गॅलरीवर दुसरा हक्कदार आला. ह्यांचा पुतण्या दिवाळीनंतर नोकरीसाठी गावाहून यायचा होता. आमच्या खोल्या दोन. त्याची खाट गॅलरीशिवाय कुठे लागणार, हा सवाल रास्त होता. ह्यांनी एका जेवणात निकाल दिला.

“हे बघ, दिवाळीपर्यंत एक पिल्लू पेटीबाहेर येऊन दांडीवर बसलं, तर गॅलरी तुझी. नाही तर जाळी काढायची आणि पाखरं तुझ्या भावाला परत.”

“एकच? मी तीन दाखवते.”

“आधी एक तर दाखव! आमटी वाढ.”

मी कामाला लागले. शेतं सगळी एकदम पिकतात, घोळ तिथेच होता. शेत माझ्या ताब्यात नव्हतं, गच्ची होती. रॉकेलचे रिकामे डबे आडवे कापून घेतले, शेतातली माती आणवली आणि लवकर येणारं हळवं बियाणं थोड्या थोड्या दिवसांच्या अंतराने, ओळीओळीने पेरलं. एका ओळीतलं पिवळं पडेल तेव्हा पुढच्या ओळीतलं दुधावर येईल, असा हिशोब. पाऊस होता तोवर पाणी घालायचाही त्रास नव्हता. रोपं वर आली तशी चेष्टाही वर आली. खालच्या मजल्यावर माझी मैत्रीण राहते, मूळची मालवणची. ती वाळवणं घेऊन गच्चीवर आली की डब्यांसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहायची.

“काय गो, कूळकायदो लागतलो हां तुझ्या गच्चीक!”

“लागू दे. तुलाच कूळ म्हणून दाखवते.”

भाद्रपदात मादी पेटीत काथ्या नेऊ लागली. अंडी झाली, पिल्लं निघाली, पहिल्या ओळींच्या लोंब्या बरोबर वेळेवर मिळाल्या. आता शेवटच्या दोन ओळी राहिल्या होत्या. एक त्या पौर्णिमेला ऐन दुधावर, दुसरी नुकती निसवत होती, म्हणजे लोंबी जेमतेम बाहेर पडत होती. मागच्या ओळींतल्या उरलेल्या लोंब्या पिवळ्या होऊन उभ्या होत्या, त्यांना हात लावायचं कारण नव्हतं.

त्या सकाळी हे ऑफिसला गेले आणि मी कात्री व पाण्याचा पेला घेऊन गच्चीवर गेले. पिवळ्या ओळी जशाच्या तशा. दुधावरच्या ओळीत नुसती धाटं. एकही लोंबी नाही.

उंदीर म्हणावं तर काप स्वच्छ विळ्याचा. खाली आले आणि आमच्याच दाराशी थांबले. चौकटीला नवं बांधलेलं होतं. आंब्याच्या पानात कुरडूचं फूल, आणि त्यातून बाहेर आलेली हिरवीगार, दूध भरलेली लोंबी. नव्या भाताची लोंबी अशी दाराला, देव्हाऱ्याला बांधायची, ही आमच्या कोकणातली पद्धत. मुंबईत आल्यापासून सासूबाई बाजारातल्या चार वाळक्या काड्यांवर भागवत होत्या.

“आई, ही लोंबी कुठली?”

“घरची!” सासूबाईंचा चेहरा नुसता फुलला होता. “किती वर्षांनी घरच्या भाताचं नवं बांधलं गं. खालच्यांनाही म्हटलं न्या, समोरच्यांनाही म्हटलं न्या. आपल्याकडे असताना नाही कसं म्हणायचं?”

“पण पिवळी उभी होती ना ढीगभर?”

“पिवळीचे दाणे गळतात. हिरवी कशी ताठ राहते बघ.”

“आई, ती पाखरांची होती. पुढची ओळ तयार व्हायला अजून थोडे दिवस आहेत. तोवर पिल्लांना दुसरं काही नाही.”

सासूबाईंनी चौकटीवरच्या लोंबीकडे पाहिलं. “अगं, मग डब्यावर लिहायचं!”

“नंबर घातले होते.”

“नंबर वाचून भात कापतं होय कुणी?”

बरोबर होतं. कोकणात तशी रीत नाही. गॅलरीत पिल्लांचा आवाज सकाळपेक्षा चिरका झाला होता आणि नर रिकाम्या धाटावर चोच घासत होता. वाद घालायला वेळ नव्हता. मी परत गच्चीवर गेले, पिवळ्या ओळीतल्या लोंब्या कापून ताटात घेतल्या आणि खाली मैत्रिणीच्या दाराशी उभी राहिले. हिरवी दे, पिवळी घे. अदलाबदल, कुणाचं नुकसान नाही.

तिने ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. “अगो बाय, माका काय म्हायत! हिरव्यागार लोंब्यो दिसल्यो, म्हटलंय देवानच धाडल्यान. पण बांधलेला नवा सोडूक माझो हात धजणा नाय गो.”

तिचा धजत नाही तर इतरांचा कसा धजणार? मी ताट घेऊन तशीच उभी. तेवढ्यात मागे जिन्यावर पावलं वाजली. गुडघ्यांमुळे सासूबाई गच्चीच्या चार पायऱ्या कशाबशा चढायच्या, पण खालचा जिना उतरायच्या म्हणजे गणपतीला आणि लग्नाला. त्या कठड्याला धरून खाली आल्या. हातात आमच्या दारचं नवं, सोडलेलं.

“माझ्या दारचं मी सोडलं,” त्या म्हणाल्या. “शेतात पहिली लोंबी पाखरू खातं, मग आपण विळा लावतो. त्याला कधी विचारलं का कुणी, नवं बांधलंस काय म्हणून? दाराला लोंबी आणि दारात उपाशी पिल्लं, लक्ष्मी येईल कुठून? पिवळी बांध, हिरवी दे. पाप लागलं तर माझ्या नावावर.”

“तुमच्या नावावर? मगे घेवा!” मैत्रीण स्टुलावर चढलीसुद्धा.

मग आम्ही तिघी निघालो. पुढे सासूबाई, मध्ये ताट घेऊन मी, मागे स्टूल घेऊन मैत्रीण. सासूबाई बोलायच्या, मैत्रीण चढायची, मी पिवळी द्यायची आणि हिरवी घ्यायची. समोरच्या घरी देव्हाऱ्यातलं सोडायला नकार मिळाला. तिथे दारावरच्यावर तडजोड झाली. बाकी कुणी मागे हटलं नाही. एका घरात तर आत जाऊन लोंबीबरोबर गूळखोबरंही आणून दिलं, पाखरांसाठी. ते आम्ही तिघींनी जिन्यात खाल्लं.

लोंब्या पाण्याच्या पेल्यांत उभ्या करून जाळीच्या आत ठेवल्या आणि आम्ही दाराआड उभ्या राहिलो. नर आला. एक दाणा चोचीत दाबून पाहिला. मग मादी आली. दोघं आळीपाळीने पेटीत जाऊ लागली, आणि आतलं चिरकणं थांबून घास मिळताना होतो तो गडबडगुंडा सुरू झाला.

“जेवतंत गो,” मैत्रीण कुजबुजली.

सासूबाईंनी दाराला पिवळं नवं पुन्हा बांधून घेतलं आणि दुपारी दोन घास जास्त जेवल्या.

शेवटची ओळ दुधावर येईपर्यंत त्या लोंब्या पुरल्या, आणि शेवटच्या ओळीने दिवाळी गाठून दिली. नरकचतुर्दशीला सकाळी हे पाटावर बसून तेल लावून घेत होते. मी गॅलरीतून हाक मारली, “अहो, या!” त्यांना काय वाटलं कोण जाणे, अर्ध्या अंगाला तेल, अर्धं कोरडं, तसेच धावत आले.

दांडीवर पिल्लू बसलं होतं. मळकट हिरवं, बुटक्या शेपटीचं, चोचीच्या कोपऱ्यात निळे चकचकीत मणी. तोल जात होता, पण पाय सोडत नव्हतं. आम्ही बघत असतानाच पेटीच्या तोंडाशी दुसरं आलं, थांबलं, आणि फडफडत थेट त्याच्या शेजारी.

“झकास!” हे म्हणाले. मग जरा वेळाने, “तीन म्हणाली होतीस.”

तिसरं फराळाच्या वेळेला आलं. चौथं भाऊबीजेला. चौघांच्याही गळ्याच्या पिशव्या टम्म. मी एकदाची मोजली आणि मोजून झाल्यावर पुन्हा मोजली.

त्या दिवाळीत आमच्याकडे फराळापेक्षा गॅलरीलाच गर्दी जास्त. मैत्रीण येईल त्याला सांगायची, “माझ्या दाराच्या लोंबीर वाढलो तो थोरलो. भाचो माझो!” ह्यांनी पुतण्याला स्वतःच पत्र घातलं: खाट पुढच्या खोलीत लावली आहे, सकाळी पाखरांच्या आवाजाने जाग येईल, तक्रार चालणार नाही. गॅलरी माझी झाली, आणि ती जाहीर करण्याची हौसही ह्यांनाच.

आता पिल्लं स्वतः साळ सोलतात. थोरल्याच्या तोंडावर निळी झाक येऊ लागली आहे, आणि बापाला ती खपत नाही. तो दिवसभर त्याच्या मागे लागतो. मादी पुन्हा काथ्या ओढते आहे. तेव्हा गॅलरीच्या मधोमध आडोसा घालून पिल्लं एका बाजूला करायला हवीत. ह्यांनी मापं घेतली, चौकट उभी केली, रंगही दिला. जाळी आणून कोपऱ्यात गुंडाळून ठेवली आहे. ती अजून ठोकायची आहे.