टूलबार दादाचा, किचन मावशीचं

हसाचं नाई हं, आधीच सांगतो. अन् हसाचंच असन तं चहा खाली ठेवा, नाई तं नाकातून येईन.

आमच्या गोल्यानं शर्त लावली अन् म्या भैताडानं हो म्हटलं. झालं! तिथंच माही वाट लागली.

गोल्या म्हणजे माह्या वर्गातला दोस्त. तो दहावी पास झाला, मी नाई झालो. म्हणून बापानं मले सिंदी मेघेत नरेशदादाच्या दुकानात काम शिकाले बसवलं. दादा माहा आतेभाऊ, कम्प्युटरवर घराचे नकाशे काढते. माणूस असा थंड, का अंगावर पाल पडली तरी म्हणन, "पडू दे, उतरन."

"तुह्या दादाले एक डाव चिडवून दाखव," गोल्या म्हणे. "तेबी त्याच्याच कम्प्युटरवर. हाय का दम?"

"यूं चिडवतो!"

"जाय बे, फोकनाड्या."

आता कोणी फोकनाड्या म्हटल्यावर माणूस मागं हटन का? तुमीच सांगा!

तं दादाच्या स्क्रीनवर वरच्या बाजूले टूलबार हाय. चित्राईची लाइन. रेघेचं चित्र दाबलं का रेघ निघते, गोलाचं दाबलं का गोल. नुकतेच दादानं ते चित्रं चांगले ठसठशीत मोठे करून ठेवलते. म्या म्हटलं, याले चष्मा लागला वाटते. मंग म्या मोबाइलवर एक व्हिडिओ पायला. त्याच्यात समजलं का ह्या टूलबारची सेटिंग बदलवता येते. चित्र तेच ठेवाचं, त्याच्यामागचं काम बदलवाचं! दादा जेवाले गेला अन् म्या रेघेच्या चित्रामागं गोल ठेवला, गोलाच्या मागं खोडाचं काम ठेवलं.

दादा आला, बसला. मी समोरच्या टेबलावर नकाशाच्या घड्या करत बसलो. तिथून मले दादाचं फक्त तोंड दिसे. म्हटलं आता चिडन, मंग चिडन.

दादा शिट्टी वाजवून राह्यला होता!

दुसऱ्या दिवशी आणखीन चार चित्रं फिरवले. दादा मजेत. त्याच्यानंतर पूर्ण लाइनच उलटीपालटी केली. दादानं मले समोसा चारला! अबे हा माणूस हाय का दगड? मलेच चीड याले लागली. जेवण जाईना. तिकडून गोल्याचा रोज फोन, "चिडला का बे?" अन् फिरवून फिरवून असं झालं का कोणत्या चित्रामागं काय दडवलं, हे आता माह्याच ध्यानात नाई.

अन् त्याच टायमाले दादा आर्वीले गेला, प्लॉट मोजाले. अन् दुकानात वनमालामावशी आली.

वनमालामावशी अंगणवाडीत हाय. बोरगाव मेघेत प्लॉट घेऊन किती वर्षं किरायाच्या खोलीत काढले तिनं. दादानं तिचा नकाशा काढून ठेवलता, त्यात तिची हट्टाची गोष्ट एकच होती. उजव्या अंगाले मोकळी जागा अन् लिंबाचं झाड, तिकडं किचन. डाव्या अंगाले शेजाऱ्याच्या म्हशीचा गोठा, तिकडं संडास.

"घर एक फूट मागं घे रे बाबू. स्कूटी ठेवाले जागा पायजे. उद्या खोदाई हाय, जेसीबी सांगून ठेवली."

म्या दादाले फोन लावला.

"तूच करून दे," दादा म्हणे. "घर सिलेक्ट कर, वरचं हलवाचं चित्र दाब, खाली एक क्लिक, वर एक क्लिक. काई इचारलं तं हो म्हणजो. जमते तुले!"

जमते म्हणे! त्या चित्रामागं काय हाय, कोणाले मालूम? पण मावशी खुर्ची ओढून बाजूलेच बसली. आता तिच्यासमोर काय सांगू?

घर सिलेक्ट केलं. देवाचं नाव घेऊन चित्र दाबलं. खाली क्लिक, वर क्लिक. कम्प्युटरनं इंग्रजीत काईतरी इचारलं, मी हो म्हटलं. अन् घर हललं! खरंच हललं! अक्षरं सरळ, भिंती सरळ. मी तं खुर्चीतच नाचलो. प्रिंट मारली, मावशीले देली.

"हुशार हाय गा तू," मावशी म्हणे.

सकाळी दादा मले घेऊन प्लॉटवर गेला. मिस्त्रीनं नकाशा पाहून फक्की मारलती, पांढऱ्या रेघाईनं पूर्ण घर जमिनीवर. जेसीबी सुरू. मावशी हौसेनं रेघाईतून फिरून राह्यली होती.

"मिस्त्री, हे माहं किचन ना?"

"नाई वो मावशी, तो संडास."

"लिंबाखाली संडास? अन् किचन कुठं?"

मिस्त्रीनं गोठ्याकडं बोट दाखवलं. तिकडून म्हैस वरडली.

बाप्पा! मावशीचा आवाज म्हशीच्या वर गेला. "नरेश! मी पोया म्हशीच्या तोंडासमोर लाटू का? झोपेत नकाशा काढला का रे? माह्या बहिणीचं घर तुलेच सांगणार होती मी. आता माह्या दारात नको येजो!"

जेसीबीवाला वरून वरडे, "खोदू का नको? माहा मीटर चालू हाय!"

दादानं नकाशा पायला. उलटा करून पायला. म्या पायलं, त्याचे कान लाल झालते. मले वाटलं, आता चिडते! पण तो माणूस हात जोडून म्हणे, "चूक माहीच असन मावशी. म्या आर्वीले जाच्या आधी उजवं डावं पायलं नाई."

आता सांगा! असा माणूस चिडला असता तं बरं नाई झालं असतं का? मले गपचूप राह्यवेना.

"दादा, ते... म्या केलं."

"काय केलं?"

"हलवाच्या चित्रामागं म्या आरशासारखं उलटवाचं काम ठेवलतं वाटते. सारेच चित्रं फिरवलेत."

"काऊन बे?"

"तुमाले चिडवाले."

"मले? अबे मी ते चित्रं दाबतो कवा? मी सारं कीबोर्डवर टाइप करतो, रेघ पायजे तं इंग्रजीत 'लाइन'. तुले इंग्रजी शब्द पाठ होत नाईत म्हणून तो टूलबार मी तुह्यासाठी लावला! मोठे चित्रं, तुले सोपं जावं म्हणून!"

जेसीबीवाल्यानं मशीन बंद केली. त्यालेबी ऐकाचं होतं.

"मंग टूलबार फिरवून," दादा एकदम थंडपणानं म्हणे, "फसलं कोण?"

मावशी पाहून राह्यली, मिस्त्री पाहून राह्यला. शाळेत मास्तरच्या एकाबी प्रश्नाले माहा हात वर गेला नव्हता.

तिथं गेला. "मी, दादा."