मावशींचा गाळा: एक उपकाम

गिरण्यांच्या संपानंतर मावशींच्या यजमानांना पुन्हा काम मिळालं नाही. लालबागच्या चाळीतल्या त्यांच्या खानावळीवरच घर चाललं. मी तालुक्याच्या गावाहून पदवी घेऊन आलो, घरातला पहिलाच पदवीधर. नोकरी लागेपर्यंत मावशींनी मला एकदाही उपाशी झोपू दिलं नाही.

नोकरी पुढे लागली ती चाळींचा पुनर्विकास करणाऱ्या कंपनीत. सॉफ्टवेअरमध्ये कामं मांडायची: एक मुख्य काम, त्याखाली उपकामं, प्रत्येकाला मुदत. मला ती शिस्त आवडायची. मावशींची चाळ आमच्याकडे आली, तेव्हा 'चाळ रिकामी करणे' याखाली मी एक उपकाम घातलं: 'खानावळीला पर्यायी गाळा'. मावशींना म्हटलं, "तुमचं काम कॉम्प्युटरवर चढलंय. आता राहून जाणार नाही." त्या भरवशावर त्यांनी जागा सोडली आणि काळाचौकीला भाचीकडे राहायला गेल्या.

चाळ रिकामी झाली आणि साहेबांनी सॉफ्टवेअरमध्ये मुख्य कामावर 'पूर्ण' अशी खूण केली. त्याबरोबर खालची सगळी उपकामंही आपोआप 'पूर्ण' झाली. गाळासुद्धा हिरवा, म्हणजे झालेला.

"सर, गाळा अजून दिलेला नाही."

"चाळ रिकामी झाली ना? मग?"

"तेवढं उपकाम परत उघडतो."

"उघडलंस की वरचं सगळं लाल. वर उत्तर तू देणार? वेगळं टास्क कर ना, बाबा."

वेगळं केलं. पण त्याच्यावर मुख्य काम नसल्यामुळे ते कुठल्याच आढाव्यात येईना. जबाबदार व्यक्ती म्हणून साहेबांनी माझं नाव घातलं. गाळा देण्याचा अधिकार मला नव्हता. खानावळीत शेवटच्या पाळीचा माणूस जेवल्याशिवाय मावशी पातेलं पालथं घालत नसत. हे तिथे कुणाला सांगणार?

मावशी ऑफिसच्या गेटवर येत.

"झिला, गाळ्याचा काय झाला?"

"चालू आहे, मावशी."

"चालू आसा, तर चूल खंय मांडू? तुझ्या त्या कॉम्प्युटरात?"

वॉचमन हसला. मीही हसलो. दुसरं काय करणार?

दिवाळीनंतर त्या आल्याच नाहीत. काळाचौकीला गेलो, तर भाची म्हणाली, "मोठी भांडी विकली आणि गावाला गेली. किती दिवस वाट बघणार?"

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "मग आता गाळा कुणाला द्यायचा? बंद कर ते."

मी केलं नाही. पुढच्या आढाव्याआधी त्यांनीच केलं, आणि पूर्ण झालेलं काम म्हणून ते माझ्या नावावर जमा झालं.