कुल्पाश आपांची जाळी

अक्मारलला कुणी विचारलं, की बाई, तू त्या संशोधन संस्थेत करतेस तरी काय, तर ती म्हणायची, "जाळ्या मोडते."

ते फारसं खोटं नव्हतं. तांब्याच्या भुकटीची लगदी छपाईयंत्रातून बारीक धारेनं सोडायची, थरावर थर चढवून तळहाताएवढी जाळी उभी करायची, भट्टीत भाजायची, वर कथलाची कल्हई करायची. मग तिच्यातून पाणी आणि धुरातला कार्बन डायऑक्साइड खेळवून वीज सोडायची. जमलं, तर मुंगीच्या डंखात असतं ते आम्ल उतरतं. गुरांचा मुरघास टिकवायला ते लागतं, आणि कोळशाच्या खाणींच्या कारागांदी शहराला धुराची वाण कधीच नव्हती. खाणकामगाराची मुलगी ती. बापाच्या खोकल्याच्या आवाजावर झोपायची तिला सवय होती. धुरातून काही कामाचं निघावं ही तिची जुनी खुमखुमी.

पण जाळी भट्टीत तडकायची. एखादी कोपऱ्यात, एखादी अगदी मधोमध. घरी भाकरी करपली तरी ती हल्ली वैतागून म्हणायची, "ही पण तडकली."

अखेर एक जाळी अख्खी निघाली. शुक्रवारी मंत्रालयाची माणसं येणार होती. चालतं यंत्र दिसलं तर काम पुढे, नाहीतर खोलीला कुलूप. तांब्याची लगदी संपलेली, नवी सीमेवरच्या गोदामात अडकलेली. म्हणजे जी काय होती ती ही एकच.

आणि बुधवारी संचालक तोलेगेन आगायांनी पाहुणी आणली. कुल्पाश आपा. ओसाकारोव्काकडे त्यांच्या गाई. आम्ल तयार झालं तर विकत घेणाऱ्या त्याच. टेबलावर तळलेले बाउरसाक, घोड्याच्या मांसाचं काझी, दुधाचा चहा. आपांनी खिडकीतली जाळी उचलून उजेडात धरली.

"अगं बाई! मधाचं पोळंच की गं! इतकं नाजूक मी उभ्या जन्मात पाहिलं नाही."

"आवडली?" आगाय उभेच राहिले. "मग ती तुमचीच!"

अक्मारलच्या हातातला चहा बशीत सांडला. पाहुण्यासमोर बोलायची सोय नव्हती. आपांनी जाळी रुमालात गुंडाळली, आगायांना आशीर्वाद दिला आणि गाडीत बसल्या.

"आगाय, ती एकच जाळी होती!"

"मग? दुसरी छाप. यंत्र कशाला घेतलंय?"

"लगदी कुठाय? तुमच्या डोक्यात?"

"डोळे वटारू नकोस. पाहुण्यानं कौतुक केल्यावर वस्तू ठेवून घ्यायची? माझा बाप कबरीत कूस बदलेल."

घरी सासूबाई कणीक तिंबत होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "चूक तुझीच. पाहुणा यायचा म्हटलं, की मी माझी चांदीची बांगडी पिठाच्या डब्यात टाकते. तू खिडकीत मांडून ठेवलीस!"

"मी परत मागायला जातेय."

"मागितलीस तर या दारातून आत येऊ नकोस." मग कणकेचे हात पुसत म्हणाल्या, "जातेच आहेस तर रिकाम्या हातानं जाऊ नकोस. ते काझी घे."

दुसऱ्या दिवशी ओसाकारोव्काची बस धक्के खात गेली. कुल्पाश आपांनी जाळी काचेच्या कपाटात, भारी पेल्यांच्या शेजारी ठेवली होती. अक्मारलनं चहा प्यायला, गाईंची चौकशी केली, नातवंडांची केली, पुन्हा चहा प्यायला. विषय काही निघेना. शेवटी तिचा बांधच फुटला.

"आपा, ते शोभेचं नाही हो! तुमच्या मुरघासाचं आम्ल त्याच्यातूनच यायचंय. उद्या माणसं येणार, ते नसलं तर सगळं बंद. आमच्या आगायांना... काय सांगू! उद्या ते भिंतसुद्धा देऊन टाकतील!"

आपा हसल्या नाहीत. "परत देता येणार नाही, पोरी. दिलेलं परत गेलं तर घरातली बरकत जाते."

अक्मारलला रडू येत होतं, त्याहून जास्त राग.

"पण चाळणी शेजारणीला उसनी देतोच की आपण," आपा म्हणाल्या. "तशी ने. मात्र वस्तू माझी. आणि माझी वस्तू जाईल तिथे मी जाणार."

शुक्रवारी त्या खरंच आल्या आणि यंत्राला खेटून खुर्ची टाकून बसल्या. "जपून हं, जपून! तो पेच इतका कशाला आवळतेस?" अक्मारलनं दात-ओठ खाल्ले आणि वीज सोडली. जाळी तगली. नळीतून थेंब पडू लागले. आम्ल ओळखायची कागदाची पट्टी बुडवली तशी लाल झाली. मंत्रालयाचे साहेब वाकून काचेतून बघू लागले.

"वा! काय सुंदर कारागिरी—"

आगायांनी तोंड उघडलं. अक्मारल घाईनं पुढे सरकली.

"माझी आहे," कुल्पाश आपा म्हणाल्या. "उसनी दिलीय."

आगायांनी तोंड मिटलं. साहेब सरळ उभे राहिले आणि म्हणाले, काम चालू ठेवा.

तेव्हापासून रोज सकाळी, अक्मारलचा एक पाय बुटात असताना फोन वाजतो.

"पोरी, माझी जाळी बरी आहे ना?"

"बरी आहे, आपा."

"पुसलीस?"

"ती पुसायची नसते, आपा!" अक्मारल कालच्याच सुरात ओरडते, आणि आतून सासूबाई विचारतात, काय गं, तडकली का?