बाथरूमच्या दारात पंधरा दिवस

बाळाची अंघोळ माझ्याकडे, हे मी मनातल्या मनात कधीच ठरवून टाकलं होतं. माझी दोन्ही मुलं मीच पायांवर घेऊन न्हाऊ घातली, शेजारणींचीही घातली. पण नातू घरी आला तोवर माझे गुडघे बदलून झालेले. पाय लांब करून पाटावर बसणं बंद. मग सूनबाईनं एक मावशी शोधली.

मावशी जवळच्या गावातली. तिची शेती विमानतळात गेली, दुमजली घर झालं, भाडेकरू आहेत. गळ्यात माझ्या दुप्पट सोनं घालून स्कूटरवर येते. कामाची गरज नाही, पण तान्ह्या पोरांची हौस. पाटावर बसली की तिचे ते लांबसडक पाय असे सरळ पसरतात, की मला बघवत नसे. त्यातून आमचं बाळ तिच्या पायांवर गप्प. माझ्या मांडीवर आलं की भोकाड. जळायचे मी, दुसरा शब्द नाही.

महिना झाला आणि बाळाच्या डॉक्टरांनी सांगितलं की डांग्या खोकला इतक्या लहान जिवाला फार वाईट, त्याचे स्वतःचे डोस होईपर्यंत बाळाला हात लावणाऱ्या प्रत्येकानं लस घ्यावी. मुलानं घेतली. सुनेनं बाळंतपणाआधीच घेतलेली. ती मला म्हणाली, मावशींना तुम्हीच सांगा, वडीलधाऱ्या आहात, आणि दोघी एकदमच घेऊन या.

मी सांगितलं. कसं सांगितलं ते आता कबूल करते. ‘प्रत्येकानं’ आणि ‘दोघी’ हे शब्द मी गाळले. मावशी बाळाला पुसत होती, तेव्हा तिला म्हटलं, “बाहेरून येणाऱ्या माणसाचं काही सांगता येत नाही गं. आधी सुई घे, मग बाळाला हात लाव.”

तिचा हात थांबला. “आई, सात नातवंडं हाईत माजी. कुनाला काय लागला नाय कंदी.”

एवढंच म्हणाली. बाळ सुनेकडे दिलं आणि गेली. दोन दिवस आली नाही, फोनही नाही. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मी स्टुलावर बसून बाळाला न्हाऊ घालायला गेले, तर ते साबणानं हातातून निसटायला लागलं. सुनेनं धावत येऊन धरलं. मग ते दोन्ही दिवस बाळाला नुसतं ओल्या फडक्यानं पुसलं.

तिसऱ्या दिवशी मावशी हजर. लस घेऊन दंड सुजला, ताप आला, म्हणून घरी पडून होती म्हणे. डॉक्टरांची चिठ्ठी सुनेच्या हातात दिली. सून वाचून म्हणाली, “आणि आईंची?”

मी म्हटलं, घरच्या माणसाला कसली लस. सून माझ्याकडे बघतच राहिली. मावशीला सगळं कळलं असणार. पण मी तिला काय बोलले होते, ते तिनं सुनेला सांगितलं नाही. नुसती हसली.

“मंग आता पंधरा दिस तुमीच बाहेरच्या.”

पंधरा दिवस कारण लस अंगात मुरायला तेवढा वेळ लागतो. मी त्याच दुपारी घेतली. पंधरा दिवस मावशीचेही व्हायचे होते, पण न्हाऊ घालणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून ती तोंडाला फडकं बांधून आत जायची. मग रोज बाथरूमच्या दारात टॉवेल घेऊन उभी. आत पाण्याचा आवाज, मावशीचं गुणगुणणं, बाळाचे हुंकार. बाळ मला दुरून दाखवायचे. त्या दिवसांत मी तिच्यावर जितकी जळले तितकी उभ्या जन्मात कुणावर जळले नसेन, आणि दोष द्यायला मात्र माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

सोळाव्या दिवशी मावशीनं स्टूल आपल्या पाटाशेजारी ओढलं आणि तांब्या माझ्या हातात दिला. तिच्या पायांवर बाळ, वरून मी पाणी घालते. मध्येच ते तोंडभर हसलं.

“बघा आई, तुमच्याकडं बघून हसला.”

बाळ तिच्याकडेच बघत होतं, मला चांगलं दिसत होतं. तरी मी “हो गं” म्हटलं आणि ते हसू ठेवून घेतलं.