डोळे मिटा, नाडी मोजा

शांत बसायला शिकवणाऱ्या वर्गात सगळ्यात जास्त गोंधळ होतो, हे मला आमच्या ऑनलाइन ग्रुपने शिकवलं. मी लातूरची फिजिओथेरपिस्ट. पोरं सगळी विशीच्या आतबाहेरची, कुणाला शुगर, कुणाला हृदयाचं दुखणं. रोज सकाळी अर्धा तास श्वासाचे व्यायाम, आधी आणि नंतर नाडी मोजायची. किस्से इतके साठलेत की काय सांगू!

*

उमरीच्या विठ्ठलला लहानपणापासून शुगर. इन्सुलिन घेत घेत मेडिकलच्या नीट परीक्षेचा क्लास करतो. पहिल्याच दिवशी म्हणाला, "नाडी बावन्न! रँक कितवा?"

मी घाबरले. "मिनिटभर मोजली ना?"

"पंचेचाळीस सेकंदांत उरकली, मॅडम. उरलेल्या वेळात रिव्हिजन केली!"

*

हदगावची फिरदौस. तिच्या हृदयाची झडप खराब, धातूची बसवायची होती. तिची अम्मी शेजारी बसून सगळं ऐकायची. एकदा मी हळू आवाजात "शरीर सैल सोडा" म्हणत होते, तेवढ्यात घोरणं सुरू!

"अम्मीचं टेन्शन गेलं, मॅडम. माझं हाय तिथंच हाय."

*

एका सकाळी उमरीकडे जमीन हलली. विठ्ठलचा मोबाइल आडवा पडला, घरचे ओरडत बाहेर पळाले. हा डोळे मिटून बसलेला!

"अरे, भूकंप झाला ना?"

"हाव. पण तुम्ही डोळे उघडा म्हणलाच न्हाईत!"

त्या दिवशी मी त्याला जाम झापलं.

*

फिरदौस ऑपरेशनला तयार होईना. नीटचं वर्ष बुडेल म्हणून तारीख पुढे ढकलत होती, आणि डॉक्टर तर आता थांबू नका म्हणत होते. आम्ही सगळे समजावून थकलो. शेवटी विठ्ठल बोलला.

"शुगर उतरून मी पेपरातच पडलो होतो. वर्ष गेलं. मी हाय नव्हं?"

दुसऱ्या दिवशी तिने होकार कळवला. त्या पोराचं मला फार कौतुक वाटलं.

ऑपरेशनच्या सकाळी एकाचीही नाडी शंभरच्या खाली नव्हती. "आज सगळेच नापास, मॅडम," विठ्ठल म्हणाला.

*

दोन-अडीच महिन्यांनी फिरदौस परत वर्गात आली, इअरफोनचा माइक छातीवर लटकवून. दोन मिनिटं शांत बसायचं होतं. तेवढ्यात बारीक आवाज यायला लागला. टिक. टिक. टिक.

"कुणाचं घड्याळ वाजतंय? बंद करा बरं!"

विठ्ठलने उठून आपल्या घरच्या भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढला. आवाज चालूच.

फिरदौसने एक हात छातीवर ठेवून दुसरा वर केला.

"मॅडम, माझं हाय ते. चालू राहू द्या!"